कोडे, कोर्ट आणि बंद लिफाफा

परवा पुतण्या म्हणाला, "काकू, रोज सकाळी ते शब्दकोडं सोडवतेस, त्यात तुला मिळतं काय?" मिळत काहीच नाही. पण एके काळी या कोड्यांत लोकांना पैसे मिळत, बहुतेकांचे जात, आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते! त्याला फोनवर अर्धेच सांगून झाले, म्हणून हे सविस्तर.

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. आर्थर विन नावाच्या माणसाने 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे दिले. पुढे ते जगभर गेले. आपल्याकडे पैशाच्या बक्षिसांची कोडी आली आणि खरा घोळ सुरू झाला.

या कोड्यांची गंमत (गंमत कसली!) समजून घ्या. कोडे भरून पाठवायचे, सोबत प्रवेश फी. उत्तर आयोजकांनी आधीच ठरवून लिफाफ्यात बंद केलेले. मी मराठीत एक नमुना करून दाखवते. "हा गेला की माणूस खचतो : मा_". आता सांगा, 'मान' की 'माल'? दोन्ही बरोबर. लिफाफ्यात काय आहे ते विद्वानालाही सांगता येणार नाही. अशा दहा जागा असतील तर सगळ्या शक्यता भरायला १०२४ प्रवेशिका लागतात, आणि फी प्रत्येकीची वेगळी.

माझे एक मामा इथे औरंगाबादेत कारकून होते. मॅट्रिक, इंग्रजी उत्तम. डिक्शनरी घेऊन रात्र रात्र बसत म्हणे. मामींची जमाखर्चाची वही मी पुढे पाहिली. त्यात रॉकेल आणि दूध यांच्यामध्ये दर आठवड्याला एक ओळ, 'कोडी'. एका महिन्यात ती रक्कम दुधापेक्षा जास्त होती. जमेच्या बाजूला 'कोडी' हा शब्द मला कुठे सापडला नाही. मामा जुगारी मुळीच नव्हते, पत्त्यांना त्यांनी कधी हात लावला नाही. आपण बुद्धीचे काम करतो आहोत असेच त्यांना वाटे, आणि फसगत होती ती नेमकी इथेच.

मुंबई राज्याने १९४८ साली या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. पण बंगलोरला छापलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातली आर. एम. डी. सी. कोडी मुंबई राज्यात भरली जातच होती. म्हणून १९५२ साली दुरुस्ती करून बाहेर छापलेली वृत्तपत्रेही कायद्याखाली घेतली. मग संसदेने १९५५ साली केंद्रीय कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षिसे नाहीत, एका स्पर्धेला दोन हजारांवर प्रवेशिका नाहीत. हा कायदा करा असे ठराव ज्या राज्यांनी केले त्यांत हैदराबाद राज्यही होते. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, त्याआधीच तो इथे लागू झाला होता.

कोडीवाले कोर्टात गेले. ९ एप्रिल १९५७ ला दोन निकाल लागले, दोन्ही चमारबागवाला या नावाने ओळखले जातात. पहिल्यात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत आणि मनूपर्यंत दाखले दिले, आणि जुगार हा घटनेने राखलेला व्यापार नव्हे असे ठरवले. दुसऱ्यात न्यायालयाने म्हटले की ज्या स्पर्धेतले यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, तिला हा कायदा लागू नाही. माझ्या मते हा दुसरा निकाल जास्त मोलाचा. त्याने बुद्धीचे कोडे आणि लिफाफ्याचे कोडे वेगळे काढले. पुढे रमीच्या खटल्यांत वकील हेच निकाल काढून बसत. २०२५ च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने मात्र पैसे लावायच्या खेळांत कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही.

असो. खऱ्या कोड्यात शोधसूत्राचे उत्तर एकच असते, आणि ते सापडले की शंका उरत नाही. आता हे बघा : "एकनाथांच्या गावाला दुसरी वेलांटी दिली की नेसता येते, तीन अक्षरी." पैठणी! इथे लिफाफा लागत नाही.

मराठीत असे कोडे रचणे मात्र कष्टाचे. इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर, सारी मिळून सव्वीस. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर एका चौकटीत, जोडाक्षर असले तरी. आडवा 'कवी' आणि त्याच्या दुसऱ्या चौकटीतून खाली 'विहीर' घालायला जावे, तर एक दीर्घ आणि एक ऱ्हस्व! १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी 'कवि' लिहीत, तेव्हा हे जमले असते. काही कोडेकार आजही ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात. माझ्या हातात लाल पेन असते, एवढेच सांगते.