नदी खारेपाटणची, कचेरी देवगडची



मागच्या महिन्यात चार दिवस माहेरी खारेपाटणला जाऊन आले. धाकट्या भावानं बाजारपेठेतलं जुनं दुकान सोडलं आणि वर हायवेलगत गाळा घेतला. पावसाळ्यात दरवेळी माल माळ्यावर चढवायचा, पाणी उतरलं की चिखल काढायचा, आता त्याच्यानं होत नाही. त्याचं बरोबरच आहे. पण जुन्या दुकानाचं लाकूड उतरवताना त्यानं फोन केला, "ताई, दाराची चौकट तुला हवी का? नाहीतर वखारीत जाईल."

त्या चौकटीवर खिळ्यानं कोरलेल्या रेषा आहेत. पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे आजोबांनी आणि मग बाबांनी रेघ मारायची आणि शेजारी तिथी नि साल घालायचं. पूर आला की बाबा आधी रोजमेळ आणि खतावणी माळ्यावर ठेवत, मग साखरेची पोती. आई आधी देवाचं आणि पाण्याचं गाळणं उचलायची. मी पुढे बी.कॉम. केलं, पण हिशेबाचा पहिला धडा त्या चौकटीवर शिकले. आलेलं लिहून ठेवायचं, मग ते नुकसान का असेना.

चौकट घेऊन मी देवगडला आले. वाटेत एस.टी.त बसल्या बसल्या मनात येत होतं, की या नदीचाच जमाखर्च एकदा मांडावा. आपल्यातल्या बऱ्याच जणी खारेपाटणला मंदिरात दर्शनाला जातात, पण नदीपर्यंत उतरतात किती?

ही नदी तशी लहान. सह्याद्रीतून उतरते, वैभववाडीच्या बाजूनं येते. तिकडे कुणी तिला शुक नदी म्हणतं, कुणी सुख नदी. खारेपाटणच्या खाली ती वाघोटणची नदी होते आणि शेवटी विजयदुर्गची खाडी होऊन समुद्राला मिळते. आपल्यासारखंच आहे तिचं, माहेरी एक नाव, सासरी दुसरं. खारेपाटणपर्यंत भरतीचं पाणी येतं. गावाच्या नावातच खारं पाणी आहे आणि पत्तन आहे. पत्तन म्हणजे बंदर. समुद्रापासून पंचवीस मैल आत, डोंगराच्या जवळ असलेलं बंदर.

हे बंदर किती जुनं, ते दोन ताम्रपटांवरून कळतं. पहिला शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८ मधला. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या रट्टराज राजाचा. त्याच्या वडिलांनी, अवसरानं, बांधलेल्या शिवमंदिरासाठी रट्टराजानं तीन गावं दान दिली. त्याबरोबर आणखी एक उत्पन्न लावून दिलं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचा गद्याण देवळाला द्यायचा. गद्याण हे तेव्हाचं नाणं. विचार करा, हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याला एवढी परदेशी जहाजं लागत होती, की त्यांच्यावर देवळाचा खर्च चालेल अशी राजाला खात्री होती.

दुसरा ताम्रपट शके १०१६चा, म्हणजे १०९४चा. तो उत्तर कोकणच्या शिलाहारांचा, अनंतदेव राजाचा. त्यात बलिपत्तनच्या भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोघा भावांच्या गलबतांना जकात माफ केली आहे. ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत त्यांच्या मालावर कर घ्यायचा नाही, असा हुकूम. श्रेष्ठी म्हणजे आपले शेठ. बलिपत्तन म्हणजे आजचं खारेपाटण असावं, असं अभ्यासक मानतात. मला वाचताना बाबांची आठवण झाली. जकातमाफीचा कागद मिळाला असता तर त्यांनीही तो तांब्यावरच कोरून ठेवला असता.

आणखी एक योगायोग सांगते. रट्टराजाचा ताम्रपट वाचून तो पहिल्यांदा छापला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. 'दर्पण' काढणारे, मराठी वृत्तपत्राचे जनक. ते आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. खारेपाटणहून देवगडला येताना तळेऱ्याला वळतो ना, त्याच भागातलं गाव. १८१२ साली जन्मले आणि १८४६ मध्ये गेलेसुद्धा. एवढ्याशा आयुष्यात आपल्या शेजारच्या बंदराचा हजार वर्षांपूर्वीचा कागद त्यांनी जगापुढे ठेवला.

पुढे नदीच्या मुखावर विजयदुर्ग मोठा झाला. आंग्र्यांचं आरमार या खाडीत असे, गलबतं बांधायची आणि दुरुस्त करायची गोदी आत खाडीकाठी होती. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांशी संधान बांधून आलेल्या इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जाळलं. १८१८ मध्ये सगळंच इंग्रजांकडे गेलं.

इंग्रजांनी १८८० मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात खारेपाटणवर लिहिताना आपल्या मंदिराचीही नोंद आहे. दक्षिण कोकणातलं हे एकमेव जैन मंदिर असल्याचं सांगतात, असं त्यात म्हटलंय. आणि आतली काळ्या संगमरवराची लहान मूर्ती नदीच्या पात्रात सापडली, असंही. लहानपणी आजीकडून मी हेच ऐकलं होतं, पण आजीच्या गोष्टी म्हणून सोडून दिलं होतं. सरकारी पुस्तकात छापलेलं वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. नदीनं बंदर दिलं, व्यापार दिला, आणि ही मूर्तीही तिच्याच पात्रातून आली. जमेची बाजू एवढी मोठी.

आता खर्चाची बाजू. नदीबरोबर डोंगराची माती येते. भरती ती पुढे जाऊ देत नाही, ओहोटी सगळी ओढून नेऊ शकत नाही. मधल्या मध्ये गाळ बसतो. वर्षाला दोन बोटं बसला तरी शंभर वर्षांत बंदर संपतं. खारेपाटणचं तसंच झालं. मोठी गलबतं वर येईनाशी झाली आणि गावाचा व्यापार ओसरत गेला. इकडे देवगडचं बंदर तीन बाजूंनी डोंगर असलेलं, वाऱ्यापासून सुरक्षित. तेव्हा खारेपाटण देवगड तालुक्यातच होतं आणि तालुक्याची कचेरीही खारेपाटणलाच होती. १८७५ मध्ये ती कचेरी देवगडला हलवली.

एक कचेरी हलली, त्यात काय मोठं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बाबा म्हणायचे, एक रक्कम चुकीच्या खात्यावर पडली की पुढच्या प्रत्येक पानावर ती चूक चालत राहते. कचेरीमागे मामलेदार गेला, कोर्टकचेऱ्या गेल्या, वकील नि कारकुनांची बिऱ्हाडं गेली. पुढे खारेपाटण कणकवली तालुक्यात आलं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि नदीचा उत्तरेकडचा राजापूर तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच राहिला. मग २०१४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की तालुक्याचं मुख्य ठाणं असलेल्या गावांत ग्रामपंचायतीऐवजी नगरपंचायत करायची. त्याप्रमाणे देवगड आणि जामसंडे मिळून नगरपंचायत झाली. वर वाभवे-वैभववाडीला नगरपंचायत झाली. खारेपाटण तालुक्याचं ठाणं नाही, म्हणून तिथे ग्रामपंचायतच राहिली.

म्हणजे १८७५ मध्ये जी नोंद फिरली, तिचा परिणाम जवळपास एकशेचाळीस वर्षांनी पुन्हा पानावर दिसला. ज्या गावात पुराचं पाणी सर्वात जास्त शिरतं, त्याची तिजोरी सर्वात लहान. आणि ज्या देवगडला नगरपंचायत आहे, तिथे पिण्याच्या पाण्याएवढी नदीच नाही. आमच्या नळाला पाणी दहिबावच्या अन्नपूर्णा नदीवरून येतं. यात मी कुणाला दोष देत नाही. सासर-माहेर दोन्हीकडचं मीठ खाल्लेली बाई मी, पक्ष कुणाचा घेऊ? फक्त हिशेब दाखवते.

त्या हिशेबातली खरी चूक वेगळीच आहे. नदी एक आणि वह्या अनेक. वर वैभववाडीची वही, मध्ये कणकवली तालुक्याची, खाली देवगडची, पलीकडच्या काठावर राजापूरची, तीही दुसऱ्या जिल्ह्यात. प्रत्येक जण आपल्या पानावरचं बघतो. वर कुणी डोंगर कापून रस्ता केला, घरासाठी उतार सपाट केला, बागेसाठी जंगल तोडलं, की माती नदीत जाते. ती माती वरच्या वहीत खर्चात पडत नाही. ती खाली कुणाच्या तरी दारात चिखल होऊन उतरते. घाटात धो धो पाऊस पडावा आणि त्याच वेळी खाडीला मोठी भरती असावी, मग पाण्याला जायला जागाच राहत नाही. पात्र गाळानं उथळ, त्यामुळे ते बाजारपेठेत शिरतं. आमच्या चौकटीवरच्या रेषा ही त्या खर्चाची नोंद आहे. बाकी कुठल्याच वहीत ती नव्हती, म्हणून आजोबांनी लाकडावर केली.

इथे मला आईची आठवण होते. आई विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची, हे तर आपण सगळ्याच करत आलो. पण गाळून झालं की तिचं काम संपायचं नाही. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायची आणि ती जिवाणी खाली कडी असलेल्या बादलीतून त्याच विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही, बादली पाण्याला टेकली की कडीनं हळूच कलंडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, गटारात तर नाहीच. मी विचारायचे, एवढं कशाला? ती म्हणायची, "जे जिथलं घेतलं ते तिथेच द्यायचं. दुसऱ्याच्या पाण्यात टाकलंस तर तिथले नि इथले दोघंही मरतात."

नळ आले, फिल्टर आले आणि माझ्या घरातून जिवाणी गेली. खरं सांगते, मला त्याची लाज वाटते. पण त्या नियमातला हिशेब किती पक्का होता, ते आता कळतंय. आपलं उरलेलं दुसऱ्याच्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्या सांगितली आहे. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं हे त्यात येतं. लहानपणी वाटायचं, जमीन खणण्यात कसलं आलंय पाप? आता चौकटीकडे बघून वाटतं, वर कुणी विनाकारण खणलेल्या मातीची रेघ खाली कुणाच्या तरी दारावर उमटतेच.

गाळ एका गावाला काढता येणार नाही. खारेपाटणनं आपल्यापुरता काढला, तरी पुढच्या पावसात वरून नवा येईल. पण पाणी कुठल्या वर्षी कुठवर चढलं, भरती केव्हाची होती, वर पाऊस केव्हा पडला, हे तिन्ही तालुक्यांचं आणि पलीकडच्या राजापूरचं एका वहीत आलं, तर निदान कुणाचा खर्च कुणाच्या नावावर पडतोय ते दिसेल. मागणी करायची तर हातात कागद हवा. शेठ घराण्यातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्यापैकी ज्यांचं माहेर किंवा सासर वैभववाडी, खारेपाटण, वाघोटण, विजयदुर्ग या बाजूला आहे, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूर कुठल्या साली कुठल्या पायरीपर्यंत आला होता? पर्युषणाच्या आधी की नंतर? कुणाच्या लग्नाच्या वर्षी? आपल्या सासवांना साल आठवत नाही, पण कुणाचं बाळंतपण कधी होतं ते बरोबर आठवतं. तेवढ्यावरून साल काढता येतं, मी काढून देईन. वहीला मी सुरुवात केली आहे. पहिली सहा पानं आमच्या चौकटीची.

आणि यंदा दर्शनाला गेलात, तर मूर्तीपुढे हात जोडून झाल्यावर पाच मिनिटं नदीपर्यंत उतरा. नातवंडांना घेऊन जा. त्यांना दाखवा, की ही मूर्ती इथून आली आणि हजार वर्षांपूर्वी गलबतंही इथवर येत होती.

चौकट सध्या आमच्या मागच्या पडवीत उभी आहे. सून म्हणाली, "आई, वाळवी लागली तर?" मग वाळवी लागायच्या आधीच काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात दिला, म्हणजे पुढे जीवहत्येची वेळ यायला नको. तेल फिरवताना एक रेघ जराशी पुसट झाली. तिच्या शेजारचं साल मी आधीच वहीत उतरवून घेतलं होतं.

जय जिनेंद्र.