प्लॉट, पाट आणि पांझरा

मागच्या रविवारी नानांचा (म्हणजे आमच्या तीर्थरूपांचा) फोन आला. धुळ्याच्या बाहेर, पांझरेच्या बाजूला एक एनए प्लॉट निघालाय, भाव बरा आहे, टोकन देऊन टाकू का? पुण्यात भाडं भरून कंटाळलेला माणूस अशा वेळी 'हो' म्हणतो. मीही म्हणणार होतो. पण नानांनी पाठवलेल्या फोटोत मागे एक चर दिसला, अर्धा बुजलेला. विचारलं तर म्हणाले, "तो होय? फडाचा जुना पाट आहे. आता पाणी येत नाही त्याला."

झालं! तेव्हापासून डोक्यात तोच चर.

फड म्हणजे काय हे आमच्या पिढीतल्या धुळेकरांनाही नीटसं माहीत नसतं. पांझरेवर ठिकठिकाणी ठेंगणे दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या. पाणी कुठल्या वेळी कोणाच्या वावरात जाणार हे पाटकरी ठरवणार, शेतकरी नाही. मीटर नाही, पंप नाही, पण तीनेकशे वर्षं चाललेली सिस्टिम. आमच्याकडे तीन महिन्यांत सर्व्हर कोसळतो, असो.

गंमत म्हणजे सर विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक याच पांझरेच्या पाटांवरचा नळांचा सायफन होता. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला.

आता शहराचं बघा. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. बऱ्हाणपूरकडचे व्यापारी बोलावले, घरं बांधायला जागा दिल्या, सरळ रस्ते आखले. गल्ली नंबर सहा कुठे असं विचारलं तर पाचच्या पुढे, इतकं सोपं गाव. पण नदीने ती आखणी मान्य केली होती असं नाही. 15 सप्टेंबर 1872 ला सकाळी सात ते दहाच्या दरम्यान पांझरेने धुळ्यातली 500 घरं वाहून नेली. गिरणा आणि पांझरा मिळून 152 गावांना फटका, 16 लाखांचं नुकसान. तेव्हाचे 16 लाख!

म्हणजे फड होते म्हणून पूर येत नव्हता, असं मी म्हणत नाही. तेव्हाही फड होतेच. पण फडात शिरलेलं पाणी कोणाच्या हॉलमध्ये शिरत नाही. शिवाय मातीच्या पाटातून झिरपणारं पाणी आजूबाजूच्या विहिरी भरायचं, आणि पावसाळ्यात उरलंसुरलं पाणी पाटाच्या शेपटीने नाल्याला लागायचं.

मग वर धरणं झाली, बंधाऱ्यांना येणारा प्रवाह घटला, ज्याची त्याची विहीर आणि मोटर आली. पाट सुकला की जमीन 'पडीक' दिसते आणि पडीक जमिनीचे प्लॉट पडतात. जळगावात तरी काय झालं? मेहरूणची बोरं अजून नावाने विकली जातात, पण तलावाकडच्या त्या बोरीबागा कॉलन्यांनी कधीच गिळल्या.

यात पाऊसही बदललाय. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलं की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेही मोसमी पावसाचं एकूण प्रमाण घटत असताना. म्हणजे आठ महिने टँकरची वाट बघायची आणि एका रात्रीत पाणी दारात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पांझरेला पूर आला तो धुळेकरांना आठवत असेलच.

हे सगळं नानांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे, तुला प्लॉट घ्यायचाय का पीएचडी करायचीय?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, शेजारच्या वावरातले म्हातारबाबा परवा सहज बोलून गेले होते, "भाऊ, आठे पाट व्हता."

टोकन अजून दिलेलं नाही. ब्रोकर येत्या रविवारी चारला येणार आहे. मी दोनलाच पोचून तो चर बंधाऱ्यापासून नाल्यापर्यंत चालून बघणार आहे, निदान जिथवर दिसतोय तिथवर.