जुनी झरणी

बोरू व टांक यांस दर दोन-चार शब्दांगणिक दौतीकडे धांव घ्यावी लागे. ती खेप चुकविण्यासाठीं शाई लेखणीच्या पोटांतच सांठविण्याची युक्ति निघाली. परंतु शाई कधीं मुळींच उतरत नसे, तर कधीं भळभळून येई. अमेरिकेंत लुईस वॉटरमन यानें १८८४ सालीं पेटंट घेतलेल्या रचनेंत निबाखालच्या जिभेला बारीक खांचा ठेवल्या. शाई खालीं उतरे तशी तिची जागा घेण्यास हवा आंत जाई. झरणीचें सारें आयुष्य या देवघेवीवर अवलंबून आहे. म्हणून लाख घातलेली चित्रकलेची शाई तींत कदापि भरूं नये. ती वाळली कीं खांचा बुजतात.

पुढें १९०८ सालीं शेफरनें तरफेनें रबरी पिशवी दाबून शाई ओढण्याच्या रचनेचें पेटंट मिळविलें. ही पिशवी कालांतरानें कडक होते. तेव्हां वडिलोपार्जित झरणीची तरफ बळेंच उचलूं नये, आधीं पिशवी बदलून घ्यावी. एबोनाइटचा रंग कढत पाण्यानें व उन्हानें उडतो, यास्तव धुण्यास थंड पाणीच बरें.

शाईसकट पेटींत निजविलेली झरणी मरते. आमच्या मतें तिला लिहिती ठेवणें हेंच तिचें खरें जतन होय.