गटारी

गटारी किंवा गटारी अमावस्या हे आषाढ अमावस्येचे, म्हणजेच श्रावण सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचे, मराठी बोलीभाषेतील नाव आहे. श्रावण महिन्यात मांसाहार व मद्यपान वर्ज्य करणारे अनेक लोक या दिवशी किंवा त्याआधीच्या सुट्टीच्या दिवशी सामिष जेवणाचा बेत करतात. या मेजवानीलाही 'गटारी' असेच म्हणतात. मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकणात हा शब्द विशेष प्रचलित आहे. धार्मिकदृष्ट्या हीच तिथी 'दीप अमावस्या' किंवा 'दिव्याची अवस' म्हणून ओळखली जाते. एकाच तिथीला चिकटलेल्या या दोन नावांमुळे 'गटारी' शब्दाच्या उगमाविषयी आणि त्याच्या औचित्याविषयी वाद होत आला आहे.

अर्थ आणि वापर

'गटारी' हा शब्द मुळात तिथीवाचक असला तरी बोलण्यात तो बहुधा मेजवानीसाठी येतो. 'गटारी करणे', 'गटारी साजरी करणे', 'गटारीला बसणे' असे वाक्प्रयोग रूढ आहेत. यातील 'बसणे' हे क्रियापद मित्रमंडळींसह मद्यपानास बसणे या अर्थाने वापरले जाते. मद्य असलेल्या मेजवानीस 'ओली पार्टी' म्हणतात. गटारी मात्र नेहमी ओलीच असते असे नाही. अनेक कुटुंबांत ती केवळ कोंबडी किंवा मटणाच्या जेवणापुरती असते. सिंधुदुर्गातील मालवणी बोलीत 'औंदा गटारी खंय?' असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्यात तिथीची नव्हे, तर बेत कोठे ठरला आहे याची चौकशी असते.

पश्चिम महाराष्ट्रात याच्याशी मिळताजुळता 'आखाड' हा शब्द आहे. आखाड म्हणजे आषाढ. या महिन्यात ग्रामदेवतांना सामिष नैवेद्य दाखवून जत्रा करण्याची अनेक गावांत प्रथा आहे. त्यावरून 'आखाड पार्टी' हा शब्द रूढ झाला. आखाड महिनाभर कधीही होऊ शकतो. गटारी त्या महिन्याच्या अखेरीस होते.

तिथी

महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आदी प्रदेशांत अमान्त पंचांग वापरले जाते. त्यात महिना अमावस्येला संपतो व दुसऱ्या दिवशी नवा महिना सुरू होतो. त्यामुळे आषाढ अमावस्या हा श्रावणापूर्वीचा शेवटचा दिवस ठरतो. उत्तर भारतातील पूर्णिमान्त गणनेनुसार श्रावण पंधरा दिवस आधीच सुरू झालेला असतो आणि हीच अमावस्या श्रावणाच्या मध्यावर येते. तेथे तिला 'हरियाली अमावस्या' म्हणतात. कर्नाटकात हा दिवस 'भीमन अमावस्या' म्हणून पाळला जातो. श्रावणापूर्वीची मेजवानी ही कल्पना पूर्णिमान्त पंचांगात या तिथीला लागूच पडत नाही, हे गटारीच्या भौगोलिक मर्यादेचे एक कारण आहे.

इंग्रजी दिनदर्शिकेनुसार ही तिथी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येते. २०२४ मध्ये ती रविवारी, ४ ऑगस्टला, तर २०२५ मध्ये गुरुवारी, २४ जुलैला होती. सोमवार, गुरुवार किंवा शनिवार या वारी मांसाहार न करणारी अनेक कुटुंबे आहेत. अमावस्या अशा वारी आल्यास मेजवानी आधीच्या रविवारी किंवा बुधवारी होते. अधिक महिन्यामुळेही पेच पडतो. २०२३ मध्ये आषाढ अमावस्या १७ जुलैला होती. परंतु त्यानंतर अधिक श्रावण येऊन निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला. त्यामुळे गटारी जुलैत करावी की अधिक श्रावण संपताना, असा प्रश्न त्या वर्षी निर्माण झाला होता.

व्युत्पत्ती

शब्दाच्या उगमाविषयी दोन मते प्रचलित आहेत.

*गटारावरून:* सर्वसामान्य समजुतीनुसार हा शब्द 'गटार' या नामाला 'ई' प्रत्यय लागून बनला. भर पावसाळ्यात गटारे तुडुंब वाहत असतात आणि अतिमद्यपान केलेले लोक त्यांत पडतात, अशा थट्टेतून तिथीला हे नाव पडले असे सांगितले जाते. 'गटार' हा शब्द इंग्रजी 'गटर'वरून मराठीत आल्याचे सामान्यतः मानले जाते. तसे असल्यास हे नाव इंग्रजी अमदानीपूर्वीचे असू शकत नाही, आणि ते गटारे असलेल्या शहरी वस्तीत जन्मले असण्याची शक्यता अधिक ठरते.

*'गताहारी'वरून:* दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द 'गताहारी' (गत + आहार) असून त्याचा अर्थ 'ज्या दिवसानंतर नेहमीचा आहार सोडला जातो ती अमावस्या' असा आहे, आणि 'गटारी' हा त्याचा अपभ्रंश आहे. समाजमाध्यमांवर हे मत दरवर्षी मोठ्या प्रमाणात प्रसृत होते.

मराठीतील ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांशी मात्र दुसरे मत जुळत नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी 'त' प्राकृतात सामान्यतः लोप पावतो: 'शत'चे मराठीत 'शे' झाले, आणि ज्या 'गत' शब्दावर ही व्युत्पत्ती उभी आहे त्याच 'गत'पासून 'गेला' हे रूप आले. शब्द जुना असता तर त्यातील 'त' नाहीसा झाला असता. अलीकडे संस्कृतातून घेतलेला असता तर 'गतकाळ', 'गतवर्ष' यांप्रमाणे 'त' तसाच राहिला असता. दोन्ही स्थितींत त्याचा 'ट' होण्याचे कारण दिसत नाही. 'आहार'मधील 'ह' लोपण्यास अडचण नाही, कारण 'फलाहार'चे 'फराळ' झालेच आहे. अर्थाच्या दृष्टीनेही 'गताहारी' हा शब्द अडखळतो: या दिवशी आहार सोडला जात नाही, उलट तो पोटभर घेतला जातो. एखाद्या हलक्या वाटणाऱ्या शब्दाला मागाहून प्रतिष्ठित मूळ शोधून देण्याच्या अशा प्रकारास लोकव्युत्पत्ती म्हणतात.

दीप अमावस्या

या दिवशी घरातील समया, निरांजने, कंदील इत्यादी दिवे घासून पुसून पाटावर मांडतात, भोवती रांगोळी काढतात आणि त्यांची पूजा करतात. कणकेचे किंवा बाजरीच्या पिठाचे गूळ घातलेले दिवे उकडून नैवेद्य दाखवतात. चातुर्मासातील कहाण्यांत दिव्यांच्या अवसेची कहाणी आहे. सून स्वतः खाल्लेल्या पदार्थाचा आळ उंदरांवर घेते. उंदीर सूड उगवून तिच्यावर खोटा आळ आणतात आणि ती घराबाहेर काढली जाते. शेवटी अमावस्येच्या रात्री दिव्यांच्या संभाषणातून तिचे निरपराधित्व सिद्ध होते.

दीपपूजेचे काम प्रामुख्याने घरातील स्त्रियांकडे असते, तर ओली गटारी बहुतांशी पुरुषांची आणि घराबाहेरची असते. सामिष जेवण घरीच करायचे असल्यास दोन्ही स्वयंपाक एकाच दिवशी स्त्रियांवर येतात. म्हणूनही काही घरांत मेजवानी अमावस्येपूर्वी उरकली जाते.

सिंधुदुर्गातील प्रथा

कणकवली, मालवण, कुडाळ या भागांत गटारीचे जेवण म्हणजे मुख्यतः कोंबडी-वडे. गावठी कोंबडीची किंवा मटणाची सागोती भाजलेल्या ओल्या-सुक्या खोबऱ्याच्या वाटपात करतात. सोबत वडे, भात व सोलकढी असते. किनारपट्टीचा जिल्हा असूनही या जेवणात ताज्या समुद्री मासळीला दुय्यम स्थान असते. महाराष्ट्रात यांत्रिकी नौकांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे बाजारात ताजी मासळी कमी व महाग असते. पावसाळ्याच्या आरंभी नदी-ओहोळांत मिळणारे चढणीचे मासे व साठवलेली सुकी मासळी यांवर या दिवसांत भागवले जाते.

पावसाळी सहलींचा हाच हंगाम असल्याने कणकवली तालुक्यातील सावडाव, वैभववाडी तालुक्यातील नापणे आणि सावंतवाडी तालुक्यातील आंबोली येथील धबधब्यांवर या सुमारास गर्दी होते.

कणकवली हे मुंबई-गोवा महामार्गावरील (राष्ट्रीय महामार्ग ६६) शहर असून जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्याला लागते. गोव्यात मद्यावरील कर कमी असल्याने ते तेथे स्वस्त मिळते. परंतु परवान्याशिवाय ते महाराष्ट्रात आणणे १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. बांद्याजवळील इन्सुली येथे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे.

श्रावणातील वर्ज्य किती काळ पाळायचे हे कुटुंबागणिक बदलते. कोणी फक्त श्रावणी सोमवार पाळतात, कोणी पूर्ण महिना, तर कोणी गणेशविसर्जनापर्यंत. मच्छीमार समाजात नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नवा हंगाम सुरू होतो.

अन्यत्र आढळणारे समांतर प्रकार

उपवासाच्या दीर्घ काळापूर्वी मेजवानी करण्याची रीत इतर समाजांतही आहे. शेजारच्या गोव्यातील कार्निव्हल ख्रिस्ती धर्मीयांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वी, राखेच्या बुधवारच्या आधीचे चार दिवस साजरा होतो. कोकणीत त्याला 'इंत्रुज' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'एंत्रुदु'वरून आला असून त्याच्या मुळाशी 'प्रवेश' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. 'कार्निव्हल' या शब्दाचा अर्थ 'मांसा, निरोप घेतो' असा लोकप्रिय आहे. अभ्यासक मात्र तो 'मांस दूर करणे' या अर्थाच्या शब्दसमूहावरून आल्याचे मानतात. म्हणजे लोकव्युत्पत्तीचा प्रकार तेथेही घडला आहे.

नावाविषयीचा वाद

दीपपूजेच्या पवित्र तिथीला 'गटारी' म्हणणे अवमानकारक आहे, असे काहींचे म्हणणे आहे. त्यामुळे 'दीप अमावस्या' हेच नाव वापरावे, असे आवाहन दरवर्षी केले जाते. 'गताहारी' या व्युत्पत्तीच्या प्रसारामागेही हीच भूमिका दिसते. याउलट, दोन्ही नावे दोन वेगळ्या आचारांची असून ती बोलीत शेजारी शेजारी नांदत आली आहेत, असेही मत आहे. पंचांगांत या दिवशी दीपपूजनाची नोंद असते. मांसविक्रेत्यांसाठी मात्र हा वर्षातील मोठ्या विक्रीच्या दिवसांपैकी एक असतो, आणि मद्यपान करून वाहन चालवण्यामुळे होणारे अपघात टाळण्यासाठी पोलीस ठिकठिकाणी नाकाबंदी करतात.

हेही पाहा

* आषाढ अमावस्या
* श्रावण
* चातुर्मास
* नारळी पौर्णिमा
* मालवणी खाद्यसंस्कृती
* गोव्यातील कार्निव्हल