गाडीची ‘थंड सीट’ खरंच थंड करते का? कव्हर चढवण्याआधी हे समजून घ्या

एप्रिल-मे महिन्यात जळगाव, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. दुपारी तालुक्याला जाऊन आलेला माणूस गाडीतून उतरला की शर्ट पाठीला चिकटलेला असतो, मग एसी फुल का असेना. एसीची हवा समोरून येते. ती तोंडाला लागते, छातीला लागते. पाठ आणि मांड्या मात्र सीटला दाबलेल्या राहतात, तिथे हवा पोहोचतच नाही.

यावर उपाय म्हणून गाडी कंपन्या ‘व्हेंटिलेटेड सीट’ देतात. शोरूममध्ये आणि गावात तिला सरळ ‘थंड सीट’ म्हणतात. पूर्वी ही गोष्ट मोठ्या लोकांच्या गाड्यांत होती. २०१७ ची ह्युंदाई वेर्ना, २०१९ ची किया सेल्टोस यांच्यापासून ती मधल्या किमतीच्या गाड्यांत आली आणि आता नेक्सॉन, सोनेट, ग्रँड विटारा यांच्या वरच्या मॉडेलमध्येही मिळते. अडचण ‘वरच्या मॉडेल’ची आहे. ही सीट एकटी मिळत नाही. तिच्यासोबत सनरूफ, मोठा स्क्रीन असं बरंच काही घ्यावं लागतं आणि किंमत लाखाच्या हिशोबात वाढते. त्यामुळे ती नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे बुकिंगच्या आधी कळलेलं बरं.

सीटमध्ये एसी नसतो

बहुतेक जणांची समजूत अशी असते की सीटमधून एसीसारखी गार हवा येते. इकडे मिळणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्यांत तसं नसतं. सीटच्या फोममध्ये छोटे पंखे बसवलेले असतात, वर बारीक भोकं पाडलेलं लेदरेट असतं, मधे हवा खेळायला जाळीचा थर असतो. पंखा फिरला की गाडीतलीच हवा त्या भोकांतून वाहते. काही गाड्यांत हवा खालून वर ढकलली जाते, काहींत वरून खाली ओढली जाते. हवा जशी गाडीत असेल तशीच. पंखा ती थंड करत नाही.

तरी गार का वाटतं? माठातलं पाणी गार का होतं, त्याच कारणाने. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. अंगावरच्या घामाचं तेच. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर शरीरातली साधारण २४०० किलोज्यूल उष्णता सोबत जाते. पण सीटला दाबलेल्या पाठीवरचा घाम सुकू शकत नाही, तो नुसता कापडात मुरतो. पंख्याने तिथे हवा खेळवली की घाम सुकायला लागतो. म्हणजे ही सीट ‘थंड’ करत नाही, ‘कोरडं’ ठेवते. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं सगळं आपोआप समजतं.

कूलर जळगावात झकास चालतो आणि रत्नागिरीत नुसता ओलावा करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. सीटच्या पंख्याचंही थोडंफार तसंच. कोरड्या हवेत त्याचा गुण लवकर येतो. कोकणात किंवा पावसाळ्यात एसी चालू नसेल तर दमट हवेत घाम हळू सुकतो आणि फरक कमी जाणवतो. एसी लावला की तो हवेतला ओलावा काढून घेतो, मग तिथेही काम होतं.

उन्हात उभी केलेली गाडी

इथेच जास्त लोकांची निराशा होते. कडक उन्हात तासभर बंद ठेवलेल्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांहून जास्त तापू शकते. काळं लेदरेट तर हात लावू देत नाही. अशा गाडीत बसल्या बसल्या सीटचा पंखा लावला तर तो तीच भट्टीची हवा फिरवणार. मग ‘थंड सीट म्हणून घेतली आणि गरम वाफा मारते’ अशी तक्रार होते. सीट बिघडलेली नसते.

आधी चारही काचा खाली करून थोडं अंतर गाडी चालवावी म्हणजे तापलेली हवा बाहेर निघते. मग काचा लावून एसी चालू करावा आणि आतली हवा आतच फिरवणारं बटण दाबावं. चार-पाच मिनिटांत आत जरा गारवा आला की सीटचा पंखा फुल करावा. त्यानंतर मात्र फरक चांगला कळतो. पाठ कोरडी राहते आणि लांबच्या प्रवासात थकवा कमी वाटतो. पुढे पंखा एक नंबरवर आणला तरी भागतं. ओल्या पाठीवर तासन्‌तास जोरात हवा लागली की काही जणांची कंबर धरते, हेही खरं.

एक फायदा फार कोणी सांगत नाही. पाठ कोरडी राहिली की माणूस एसी थोडा कमी ठेवून चालवून घेतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने यावर काम केलं, तेव्हा हवा देणाऱ्या सीटमुळे एसीची गरज सुमारे ७ टक्क्यांनी कमी होऊ शकते असं दिसलं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ही बचत हिशोबात धरावी एवढी मोठी नाही. बॅटरीच्या गाडीत मात्र एका चार्जिंगवर गाडी किती जाते, यात थोडी मदत होते.

रेक्झिनचं कव्हर आणि एअरबॅग

आता मुख्य गोष्ट. नवी गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी गाडी सीट कव्हरच्या दुकानासमोर उभी असते. शेतातली धूळ आणि मुलांचे चिखलाचे पाय बघता कव्हर घालण्यामागचा विचार चुकीचा नाही. पण जाड रेक्झिनचं, खाली फोम लावलेलं कव्हर चढवलं की सगळी भोकं बंद होतात. पंखा आत फिरत राहतो, आवाजही येतो, पाठीला काही लागत नाही. ज्या सीटसाठी वरचं मॉडेल घेतलं ती दोन-पाच हजारांच्या कव्हरखाली मेली. टॉवेल, जाड गादी किंवा लाकडी मण्यांचं आसन यांनीही कमी-जास्त हेच होतं.

याहून गंभीर गोष्ट एअरबॅगची आहे. सहा एअरबॅगच्या गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, दरवाज्याच्या बाजूला, एक एअरबॅग असते. तिथे ‘एअरबॅग’ अशी छोटी पट्टी शिवलेली दिसते. धडक बसली की सीटची शिवण फाडून ती बाहेर येते. वरून घट्ट कव्हर असेल तर ती अडते किंवा उशिरा फुगते, आणि इथे उशीर म्हणजे सेकंदाचा अगदी छोटा भाग. कव्हर घालायचंच असेल तर त्या बाजूला मोकळं किंवा सहज उसवणाऱ्या शिवणीचं, आणि बसण्याच्या भागात जाळीचं घ्यावं. दुकानदार ‘सगळ्यांना हेच बसवतो’ म्हणाला म्हणून गप्प बसू नये.

सीटखालची जागाही मोकळी ठेवावी. अनेक गाड्यांत पंखा तिथूनच हवा घेतो किंवा सोडतो. पाण्याच्या बाटल्या, डबा, रिकामी गोणी तिथे कोंबली की हवा अडते. भोकांत धूळ बसली तर ब्रश आणि व्हॅक्यूमने काढावी. वॉशिंग सेंटरवाल्याला सीटवर पाण्याचा फवारा मारू देऊ नये. खाली मोटर आणि वायरिंग आहे. चमक येण्यासाठी लावतात ते पॉलिशही भोकांत जाऊन बसतं.

गरम सीटचं काय?

गरम करणारी सीट जुनी आहे. अमेरिकेत कॅडिलॅकने ती १९६६ च्या मॉडेलमध्ये दिली, तर स्वीडनच्या साबने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. हवा देणारी सीट मात्र साबच्याच ९-५ या गाडीत १९९७ मध्ये आली. गरम सीटचं काम सोपं आहे. सीटमध्ये तापणारी तार असते, ठरावीक तापमान आलं की वीज बंद होते. इस्त्रीसारखंच, फक्त फार सौम्य.

आणि हे काम ती खरंच चांगलं करते. पंख्याच्या सीटसारखा ‘पण’ इथे नाही. थंडीत इंजिन तापून हीटर सुरू व्हायला वेळ लागतो, सीट दोन-तीन मिनिटांत गरम होते. वीजही कमी लागते, एका सीटला साधारण ५० ते १०० वॅट. बॅटरीच्या गाडीत पूर्ण केबिन तापवायला हजारो वॅट जातात, म्हणून थंड देशांत आधी सीट गरम करा असंच सांगतात. कंबर आखडलेल्या माणसालाही शेक मिळतो. प्रश्न एवढाच की महाराष्ट्रात ती वापरायची कधी? निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा पहाटे द्राक्षाच्या बागेकडे जाणाऱ्याला, किंवा गाडी घेऊन काश्मीर-लडाखला निघालेल्याला. बाकी वर्षभर बटण तसंच राहणार. २०२३ च्या वेर्नात गरम आणि हवेशीर दोन्ही सोय आली, पण नुसत्या गरम सीटसाठी जास्त पैसे मोजण्यात इकडे अर्थ नाही.

धोका मात्र माहीत असावा. मधुमेहाने ज्यांची संवेदना कमी झाली आहे, किंवा पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली कळत नाही, अशांना सीट जास्त तापली तरी जाणवत नाही. ४४ अंश तापमान आपल्याला नुसतं कोमट वाटतं, पण त्वचा तेवढ्यावर सलग सहा तास राहिली तर भाजते. तापमान वाढलं तर वेळ झपाट्याने कमी होतो. परदेशात अशा जखमांच्या नोंदी आहेत. घरात शुगरचा पेशंट असेल तर सीट गरम झाली की बंद करावी, लावून झोपू देऊ नये.

बाजारात १२ व्होल्टवर चालणारी पंख्याची गादी मिळते, गरम करणारे पॅडही मिळतात. पंख्याच्या गादीने घाम थोडा कमी होतो, पण जाड गादीवर माणूस वर उचलला जातो आणि सीटबेल्ट नीट बसत नाही. गरम पॅड फ्यूज न लावता थेट बॅटरीला जोडून घेणं हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

गाडी बघायला जाताना

सीटला भोकं दिसली म्हणजे पंखा आहेच असं समजू नये. बऱ्याच गाड्यांत ती नुसती शोभेची असतात. सीट आणि पंख्याचं चित्र असलेलं बटण शोधावं. सोय दोन्ही पुढच्या सीटना आहे की एकट्या ड्रायव्हरला, हे विचारावं. मागच्या सीटला ती फार कमी गाड्यांत मिळते, सफारीच्या वरच्या सहा आसनी प्रकारासारख्या. घरातली म्हातारी माणसं मागेच बसतात, त्यांना याचा उपयोग शून्य.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी गारव्यात घेऊ नये, दुपारी एक-दोनला घ्यावी. जुनी गाडी घेत असाल तर कव्हर काढायला लावावं, पंखा फुल करून सीटवर आणि पाठीवर पातळ टिश्यू पेपर ठेवून बघावा. हवा ढकलणारी सीट असेल तर तो फडफडतो, ओढणारी असेल तर भोकांना चिकटतो. काहीच झालं नाही तर पंखा बंद आहे किंवा भोकं बुजली आहेत, आणि तेवढे पैसे भावातून कमी करून मागावेत.