बालकाचें मस्तक आणि शस्त्रवैद्याचा संयम

बाळाचें डोकें तेलानें हलकेंच चोळून, मोहरीच्या उशीवर निजवून त्यास गोलाई आणण्याची चाल जळगांव-धुळ्याकडील घरांस परिचित आहे. एका कुशीवर निजून चपटें झालेलें डोकें बहुधा कालांतरानें सुधारतें. परंतु कवटीच्या हाडांमधील सांधा अकालीं जुळला असेल, तर मर्दनाचा तेथें इलाज चालत नाहीं. तेथें शस्त्रच लागतें. त्या शस्त्राचा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

१८९० सालीं पॅरिसच्या लानलाँग यांनीं लहान मस्तकाच्या मंदबुद्धि बालकांच्या कवटींतून हाडाची पट्टी कापून काढण्याची क्रिया प्रसिद्ध केली. कवटी मिटली म्हणून मेंदू खुंटला, अशी त्यामागील समजूत. पुष्कळ बालकांच्या बाबतींत वस्तुस्थिति उलट होती : मेंदूच वाढत नव्हता, म्हणून कवटी लहान राहिली होती. त्यांस लाभ झाला नाहीं; अनेक बालकें मात्र दगावलीं. १८९४ सालीं रोम येथील वैद्यक परिषदेंत न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनीं या प्रकाराचा कडक निषेध केला, आणि ती क्रिया मागें पडली.

१९२७ सालीं फेबर व टाउन यांनीं तिचा पुन्हा पुरस्कार केला. परंतु तो सांधा खरोखरच जुळलेल्या बालकांपुरता, आणि तोहि लहान वयांत. पुढें १९६७ सालीं रोममध्येंच पॉल टेसिए यांनीं कवटीच्या आंतून कपाळ व नेत्रकोटरें सुधारण्याचा मार्ग दाखविला.

धोका तरीहि सरला नाहीं. सहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगांत रक्त सुमारें ४८० मिलिलिटर; त्यांतील शंभर गेलें कीं पांचवा हिस्सा गेला. म्हणून रक्ताची तयारी आधीं करावी लागते. मेंदूचें आवरण फाटून आंतील पाणी झिरपणें, जखमेंत जंतुदोष होणें, कांहीं वर्षांनीं हाड पुन्हा जुळून मेंदूवर दाब वाढणें, हींहि संकटें आहेत.

हिंदुस्थानांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ सालीं वेल्लोर येथें डॉ. जेकब चंडी यांनीं काढला. जळगांवास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१८ सालीं सुरू झालें. पण कवटीची ही विशेष शस्त्रक्रिया करावयाची तर खानदेशांतील आईबापांस बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. घरीं परतल्यावर ताप, जखमेंतून स्वच्छ पाणी येणें, वारंवार वांति अथवा गुंगी दिसली, तर त्यांनीं एक दिवसहि दवडूं नये. डोळ्यांची व मस्तकाची तपासणी वर्षानुवर्षें चालू ठेवावी. जेकोबींचा निषेध शस्त्राविरुद्ध नव्हता, अविचाराविरुद्ध होता. योग्य बालक निवडणें आणि नंतर त्यावर नजर ठेवणें, हाच त्या इतिहासाचा बोध होय.