शंभर ग्रंथ, एक साक्षीदार

फ्रीमेसन या गूढ बंधुमंडळाविषयी सनसनाटी ग्रंथ हाती आला, की मी आधी विचारतो : हे प्रत्यक्ष पाहिले कोणी? फ्रान्समधील लिओ ताक्सील हा पक्का धर्मनिंदक. १८८५ साली त्याने कॅथलिक पंथाला शरण गेल्याचे सोंग आणले आणि मेसन सैतानपूजक असल्याच्या कहाण्या रचल्या. साक्षीला डायना व्हॉन ही बाई उभी केली. भाविकांनी विश्वास ठेवला. लेखकांनी उतारे घेतले. १९ एप्रिल १८९७ रोजी बाईंच्या दर्शनासाठी पॅरिसमध्ये सभा भरली. तेथे ताक्सीलनेच सांगून टाकले, सारे थोतांड! तरीही त्या कहाण्या आजवर फिरताहेत. म्हणून वाचकहो, ग्रंथ नव्हे, साक्षीदार मोजावेत. शंभर पुस्तकांचा उगम एकच असेल, तर पुरावाही एकच. आणि तो खोटा निघाला, तर उरते केवळ एखाद्या निरपराध माणसाची बदनामी.